पूर्वा, हे काप

"पूर्वा, हे काप," लॅपटॉपमधून पप्पा म्हणाले. "काल डब्यातली वांगी लई खारट व्हती. तुझ्या मम्मीला सांगू नको. सगळी खाल्ली म्हण."

मी हेडफोन कानाशी आणखी घट्ट धरला. मम्मी मागेच लसूण सोलत बसली होती. स्क्रीनवर इंदापूरच्या पुढचा रस्ता पळत होता आणि कोपऱ्यात पप्पांचा एक कान आणि अर्धी मिशी दिसत होती. थोडं थांबून ते लोकांसाठीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "तर मंडळी, हा आला बघा भीमेचा पूल!" वांग्यांपासून पुलापर्यंतचा तुकडा मी कापला आणि पुसून टाकला.

"खाल्ली का भाजी त्यांनी?" मम्मीने विचारलं.

"सगळी."

माझे वडील रतन ओव्हाळ पुण्याच्या मार्केट यार्डातून माल भरून आयशर ट्रक चालवतात. कधी लातूर, कधी बेळगाव, कधी नांदेड. करोनात रस्ते ओस पडले तेव्हा त्यांनी रिकाम्या रस्त्याचा व्हिडिओ काढून मला पाठवला. मी तो सहज यूट्यूबवर टाकला आणि बघता बघता 'रतनची गाडी' हे चॅनेल उभं राहिलं. त्यात विशेष काही नसतं. रस्ता असतो, ढाबे असतात, माल खाली करणारे हमाल असतात. परदेशी गेलेली माणसं झोप येईना की पप्पांबरोबर टेंभुर्णीपर्यंत जाऊन येतात, असं लिहितात. एकाने लिहिलं होतं, 'काका, तुमच्या गाडीत बसलं की खड्डेसुद्धा आपले वाटतात.' पुणेकर होता, त्यामुळे ते कौतुक की टोमणा हे कळायला मार्ग नाही.

घरात मात्र आमचं बोलणं "जेवलीस?" आणि "हो" याच्यापुढे कधी गेलं नाही. मी लहान असताना ते घरी यायचे तेव्हा मी झोपलेली असायचे आणि मी उठायचे तेव्हा ते झोपलेले असायचे. एका घरात राहून आम्ही एकमेकांचे पाहुणे होतो. माझ्याशी बोलायला त्यांना ही एकच जागा सापडली होती. रस्ता समोर, फोन काचेपाशी अडकवलेला, आणि मी तिथे नाही. "पूर्वा, हे काप," म्हणायचं आणि सांगून टाकायचं.

"तुझा बारावीचा निकाल लागला तवा मी बार्शीच्या अलीकडं व्हतो. गाडी बाजूला घेतली अन् रडलो. क्लीनरला म्हणलं, डोळ्यात कचरा गेला." असं काहीतरी. किंवा, "आज एक बाई दिसली, माझ्या आईवानी चालत व्हती." किंवा नुसतंच, "गुडघा दुखतोय. घरी सांगू नको."

मी ऐकायचे, कापायचे आणि पुसायचे. ठेवायचं नाही असं त्यांनीच सांगितलं होतं, आणि माझ्या लॅपटॉपमध्ये जागाही नव्हती. ते पुढच्या फेरीहून परत यायच्या दिवशी गुडघ्याला लावायचं मलम मी त्यांच्या उशाशी ठेवायचे. हिला कुठून कळलं, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

मग मला बंगळुरूला नोकरी लागली. वाघोलीतल्या कॉलेजात मी प्रयोगशाळा साहाय्यक होते. परीक्षानळ्या धुऊन धुऊन माझ्या हातांना कायमचा तो वास बसला होता. तिकडे एका औषध कंपनीच्या मोठ्या प्रयोगशाळेत खरं काम मिळणार होतं. मी घरी सांगितलं तेव्हा मम्मी आधी रडली आणि मग शेजारी पेढे देऊन आली. आत्याने फोनवरून अर्धा तास सल्ला दिला. पप्पांनी विचारलं, "कधी?" मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात." ते "बरं" म्हणाले आणि गाडीची चावी घेऊन बेळगावला गेले.

मला वाईट वाटलं नाही. म्हटलं, बोलतील. बेळगावपर्यंतचा रस्ता पडलाय. ते परत आले तशी मी त्यांच्या फोनमधलं सगळं शूटिंग लॅपटॉपवर घेतलं आणि ऐकत बसले. साताऱ्याला ऊन होतं. कराडला त्यांनी चहा घेतला. निपाणीला डिझेल भरलं. "मंडळी" होतं, "बघा" होतं, पण "पूर्वा" कुठेच नव्हतं. अख्ख्या बेळगावच्या फेरीत कापण्यासारखा एक शब्द नव्हता. त्या दिवशी व्हिडिओ झटपट तयार झाला आणि मी रडले.

व्हिडिओचं पुढे काय करायचं हा प्रश्न होताच. मी तिकडून करेन म्हटलं, पण इथेच एकेक व्हिडिओ महिनाभर रखडायचा. लातूरचा पाऊस आम्ही दाखवायचो तेव्हा लातूरकर स्वेटर घालून बसलेले असायचे. पप्पाच म्हणाले, "नव्या कामात माझं लेंढार नको तुला." मग म्हणाले, "रविवारी ढाब्यावर सगळे येणारेत, व्हिडिओवाले. एखादा मिळंल. येतीस का?"

पप्पांच्या गाडीत बसून मी शाळेनंतर कधी गेले नव्हते. रविवारी सकाळी केबिनचं दार उघडलं तर डाव्या सीटवर धुतलेली फुलाफुलांची चादर अंथरलेली होती, चारी बाजूंनी आत खोचून, दवाखान्यात असते तशी. समोर बुद्धमूर्तीपुढे ताजं फूल होतं. "सीट मळकी हाय," एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली. शिक्रापूरपर्यंत आम्ही दोघांनी मिळून रेडिओ ऐकला.

ढाब्यावर ट्रकांची रांग लागली होती. तीन जण आधीच येऊन बसले होते. उत्तरेश्वर टँकर चालवतात आणि व्हिडिओत कधी तोंड दाखवत नाहीत, फक्त हात दाखवतात. ज्ञानदेवमामा केबिनमध्ये स्टोव्हवर पिठलं करून दाखवतात. ते पिठलं आमच्या रस्त्यापेक्षा दसपट लोक बघतात. तिसरा अनिरुद्ध, कसबा पेठेतला, आठवडाभर कॉम्प्युटर आणि शनिवार-रविवार मोटरसायकल.

"जय भीम रतनभाऊ," उत्तरेश्वर उठून म्हणाले. "ही पोरगी व्हय?"

"पोरगी घरी," पप्पा म्हणाले. "हितं ती माझी एडिटर हाय."

मी मान खाली घालून खुर्ची ओढली. एवढा मोठा शब्द त्यांनी माझ्यासाठी कधी वापरला नव्हता.

जेवण आलं आणि खोळंबलं. उत्तरेश्वर ज्ञानदेवमामांचं शूटिंग करत होते, मामा ताटाचं, अनिरुद्ध दोघांचं आणि पप्पा बाहेर लावलेल्या गाड्यांचं. वाढणारा माणूस भाकरीची टोपली घेऊन कोणाच्या तरी फ्रेममधून बाहेर पडायची वाट बघत उभा होता. शेवटी तोच म्हणाला, "साहेब, भाकरी गार झाली की परत मिळणार नाही." तेव्हा कुठे फोन खिशात गेले.

मग मात्र गप्पा रंगल्या. ज्ञानदेवमामा सांगत होते की तोंडओळख नसलेला एक माणूस वेळापूरला चौकात उभा राहून त्यांना लोणच्याची बरणी देऊन गेला. "घरच्यांनी कधी इचारलं नाय, वाटंत काय खातोस म्हणून," ते म्हणाले. "अन् हा बाबा बरणी घिऊन उन्हात हुबा." पप्पा बराच वेळ मान हलवत होते. एकमेकांना पडद्यावरच पाहिलेली ही माणसं एकमेकांचे गुडघे, पोरं, टायर, सगळं विचारत होती. मी त्यांच्याकडे बघत बसले. पप्पा इतके बोलतात हे मला माहीत होतं, पण बोलताना ते कसे दिसतात ते माहीत नव्हतं.

मी अनिरुद्धपाशी विषय काढला. तो लगेच तयार झाला. "काका, आनंदाने करेन. खाली इंग्रजी अक्षरंही टाकू. तुम्ही फक्त एक करायचं, जेवढं शूट कराल तेवढं सगळं मला पाठवायचं. रॉ, न कापलेलं."

"सगळं?" पप्पांनी विचारलं.

"सगळं."

"अन् कापायचं असंल ते?"

"तेही पाठवा. मी बघून कापतो ना."

"म्हंजी आधी तुम्ही ऐकणार."

"अहो काका, न ऐकता कापायला मी काय रेल्वेचा टीसी आहे?" अनिरुद्ध हसला. सगळेच हसले.

पप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. एकदा माझ्याकडे बघून घेतलं. "जमंल," ते म्हणाले. "मी कमी बोलंन."

मी पाण्याचा ग्लास उचलला. इतके दिवस मला वाटत होतं की मी घर सोडतेय, खोली सोडतेय, मम्मीची खारट वांगी सोडतेय. माझ्या बापाचा आवाजच मी सोडून चाललेय, हे त्या ढाब्यावर कळलं. आणि ही सोय मीच माझ्या हाताने लावून दिली होती.

परतताना त्यांनी रेडिओ लावला नाही. पेरण्याचा जयस्तंभ आला तेव्हा त्यांनी सवयीने मान झुकवली. लोणीकंदपाशी एकदम विचारलं, "कापलेलं कुठं जातं गं?"

"कुठे जाणार? पुसते मी."

"सगळं?"

"तुम्हीच म्हणता ना, काप."

"व्हय. मीच म्हणतो," ते म्हणाले आणि त्यांनी गिअर बदलला.

वाघोलीत चौकाच्या बऱ्याच अलीकडेच गाड्या तुंबल्या होत्या. पप्पांनी इंजिन बंद केलं. समोर बसची पाठ, डावीकडे पाण्याचा टँकर. त्यांनी हात लांब करून काचेपाशी अडकवलेल्या फोनवर शूटिंग सुरू केलं.

"नमस्कार मंडळी, जय भीम. आलो बघा वाघोलीत. घर दिसतंय, पण पोचू कधी ते सांगता येत नाय." मग त्यांचा आवाज उतरला. "पूर्वा, हे काप."

मी त्यांच्या शेजारी बसले होते. हात पुढे केला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता. पण ते फोनकडे बघत होते, म्हणून मीही बसच्या पाठीकडे बघत राहिले.

"तू जायचं म्हणालीस तवा मी नुसतं 'कधी?' इचारलं. बेळगावला जाताना बोलू म्हणलं. दहादा तोंड उघडलं. पण म्हणलं, ही काय कापायची गोष्ट नाय, अन् ठेवायची तर लोकं ऐकणार." ते थांबले. मागून कोणीतरी उगाच हॉर्न वाजवत होतं. "मी लई गावं बघितली. पर माल खाली केला की माघारी. राहिलो कुठंच नाय. तू जा. तू राहून बघ. तुझी भीती नाय मला. मलाच घरात बोलता येत नाय, ते तुला ठावं हाय. आता कुणाला सांगू, एवढंच हाय."

माझे डोळे भरून आले होते. पुसले असते तर त्यांना दिसलं असतं.

"पप्पा," मी बसच्या पाठीकडे बघतच म्हटलं, "कापायचं तुम्हीच शिका. आधी कापायचं आणि मग अनिरुद्धला पाठवायचं."

"मला जमंल का?"

"मी शिकवते."

"अन् कापलेलं?"

"ते मला पाठवायचं."

त्यांनी मान हलवली. बस पुढे सरकली, त्यांनी चावी फिरवली आणि शूटिंग तसंच चालू राहिलं.

मी निघेपर्यंतच्या संध्याकाळी आमची शिकवणी चालली. एवढं मोठं स्टिअरिंग दोन बोटांनी फिरवणारा माणूस फोनवरच्या त्या बारीकशा रेघेपुढे घामाघूम व्हायचा. एकदा त्यांनी स्वतःचा नमस्कारच कापला, एकदा अख्खं सोलापूर उडवलं. मम्मी म्हणाली, "ह्या वयात लेकीच्या हाताखाली उमेदवारी!" ते चिडले नाहीत.

बंगळुरूला मी रुळतेय. काम खरंच चांगलं आहे, आणि इथल्या नळ्या मशीन धुतं. परवा रविवारी लातूरच्या फेरीचा व्हिडिओ आला. अनिरुद्धने नेटका केला होता, खाली इंग्रजी अक्षरं, वर पक्ष्यांचा आवाज. मी पूर्ण पाहिला. त्यात पप्पा होते आणि नव्हते.

दुपारी फोनवर वेगळी क्लिप आली. बरोबर निरोप नव्हता. सुरुवात चुकीच्या जागी कापली होती, माझं नाव अर्धंच आलं.

"...र्वा, हे ठेव," पप्पा म्हणाले. "विशेष काय नाय. यार्डात सीताफळं आलीत. गुडघा बरा हाय. मम्मीला वांगी खारट व्हत्यात म्हणून सांगितलं मी. ती म्हणाली, इतकी वर्षं का नाय बोललात."

ते हसले. एवढंच होतं, पण क्लिप संपली नाही. शेवट कापायचा त्यांच्याकडून राहून गेला होता. फोन त्यांनी थोडा डावीकडे वळवून लावला होता, त्यामुळे शेजारची सीट दिसत होती. चादर अजून तशीच होती, फुलाफुलांची, चारी बाजूंनी आत खोचलेली. गाडी चालली होती आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने चादरीची एक कड हलत होती. मी ती शेवटपर्यंत बघत बसले.