तिसऱ्या ओळीतली शेळी

आधीच सांगून ठेवते, हायकू मला येतो. पाच अक्षरं, सात अक्षरं, पाच अक्षरं, खल्लास! यंदा अचानक जमायला लागला आणि तेव्हापासून मी कुणाच्या बापाला भीत नाही. म्हणून शाळेच्या ग्रंथालयाच्या बाई जेव्हा म्हणाल्या की मुलांच्या कादंबऱ्या कुणी नेत नाही, महिनाअखेरपर्यंत जी पडून राहील तिची रवानगी जिन्याखालच्या खोलीत आणि तिच्या जागी परीक्षेची गाईडं, तेव्हा मी छाती काढून म्हटलं, "बाई, माझ्यावर सोडा."

"तुझ्यावर? मागे कुंडी सोडली होती तुझ्यावर. वाळली."

"ती कुंडी होती, बाई. हे साहित्य आहे!"

प्रत्येक कादंबरीला रबरबँडनं एक कार्ड, कार्डावर शिफारशीचा हायकू. माझी सगळ्यात लाडकी कादंबरी, जी वाचताना दर वेळी माझी उशी भिजते, तिच्यावर हे लिहिलं:

लंगडी शेळी
मुलीच्या खाटेखाली
शेवटी मेली

आणि रहस्यकथेवर हे:

खिडकी फुटे
चोर शोधती सारे
भाऊच चोर

अख्खी कादंबरी तीन ओळींत! कपाटापुढे ही झुंबड उडाली. पोरं कार्डं मोठ्यानं वाचायची, मधल्या सुट्टीत "शेवटी मेली" ओरडत एकमेकांच्या मागे पळायची. मी हवेत. आणि पुस्तकं? एक हललं असेल तर शपथ!

"तुझे हायकू फार चालतात हो," बाई म्हणाल्या. "कादंबऱ्या तेवढ्या चालत नाहीत."

इतका संताप आला की घरी जाऊन दप्तर फेकलं. आई मशीनवर कुणाचा तरी झगा शिवत होती, तोंडात टाचण्या. मी तिच्यासमोर उभी राहून शेळीचा हायकू म्हटला, अगदी जीव ओतून.

तिनं टाचण्या काढल्या. "अरेरे, बिचारी. बरं, ताटं घे."

"आई! तुला कादंबरी वाचावीशी नाही वाटत?"

"आता कशाला? मेली ना ती?"

एवढी मी हुशार, आणि शेवट स्वतःच्या हातानं सगळ्या शाळेला सांगून मोकळी!

दुसऱ्या दिवशी आईची कात्री नेली आणि सगळ्या कार्डांची तिसरी ओळ छाटली. माझ्या सगळ्यात भारी ओळी! पोरं चिडली. "हे काय? पुढे काय होतं?" "पुस्तकात आहे," मी दात खाऊन म्हणायची. आणि मेली पोरं न्यायला लागली पुस्तकं! मी लिहिलेलं नको होतं त्यांना, मी कापलेलं हवं होतं.

एकेक करत बाकी सगळी पुस्तकं गेली. रहस्यकथासुद्धा गेली, चोर कोण ते पोरं विसरलीही. पण शेळी? शेळीची ओळ शाळाभर पाठ. महिनाअखेरीला बाईंनी गाईडांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि माझी लाडकी कादंबरी उचलली.

"थांबा ना, बाई!"

तेवढ्यात दारात पिटुकली. पाचवीतली, प्रश्न विचारून माणसाचा जीव खाणारी.

"ताई, ती शेळी खरंच मरते?"

"कोण म्हणालं?"

"तूच! कार्डावर लिहिलं होतंस."

"मग ती ओळ कापली का असेल मी?"

पिटुकलीनं डोळे बारीक केले. "म्हणजे नाही मरत?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी छताकडे.

"मला काय विचारतेस? वाच आणि तू मला सांग."

"मेली असेल ना, तर बघच तू," असं म्हणून तिनं बाईंच्या हातातून पुस्तक ओढलं, नोंदवहीत सही ठोकली आणि जिना उतरताना पहिलं पान उघडलंसुद्धा.

"आता?" बाईंनी विचारलं.

आता काय! एवढी धडपड करून एक वाचक मिळवला, आणि शेवटच्या पानावर पोचला की तो वाचक रडत रडत मलाच बुकलायला येणार.