कानशिलावरचा खळगा

शुद्धलेखनाच्या चुका आधीच माफ करा. मी प्लास्टरची कवटी बोलतेय. मला हात नाहीत, म्हणून ज्याने मला ओतलं तोच हे लिहून देतोय. त्याची शाळा आठवीत सुटली. शब्द साधे असतील, पण खोटे नसतील.

शेतीही सुरू झाली नव्हती तेव्हा एक माणूस मेला. हजारो वर्षांनी सापडलेल्या त्याच्या कवटीवर रबराचा लेप देऊन साचा काढला आणि त्यात मला ओतलं. ओतताना डाव्या कानशिलाशी हवेचा बुडबुडा अडकला. साचा सोलला, तर तिथे खळगा! बुजवायचा तर संग्रहालयाच्या साहेबांची घाई. वाईट दिसू नये म्हणून याने ओल्या बोटाने त्याच्या कडा गोल केल्या आणि मला कॉलेजातल्या बाईंच्या टेबलावर पोचवलं.

महिन्याभरात संग्रहालयाला आग लागली. खरी कवटी गेली, साचाही गेला. कॉलेजात होते म्हणून उरले मी, आणि उजव्या बाजूने काढलेले चार फोटो.

तेव्हापासून लोक माझ्याकडे बघतात आणि त्या माणसाला बघतात. मी आतून पोकळ आहे. कधी वाटतं, त्या पोकळीत तो येऊन बसलाय.

बाई हाडांच्या अभ्यासक. मला ओतणाऱ्या याला त्यांनीच नोकरीत कायम केलं. एकदा त्या खळग्यावरून बोट फिरवत दाढीवाल्या सरांना म्हणाल्या, "कडा बघा, कशा गोल आहेत. जखम भरलीय. म्हणजे कितीतरी दिवस त्याला कुणीतरी भरवलं, उचललं, सांभाळलं."

"कवटी बोलली वाटतं तुमच्याशी?"

"तुमच्यापेक्षा बरं बोलते!"

कोपऱ्यात प्लास्टर ढवळणारा हा हसला नाही. याचं बोट थांबलं.

मग त्या खळग्यावरून दोन वर्षं वाद चालला. लेख आले, उलट लेख आले. हा मात्र माझ्यासमोर जेवणाचा डबा उघडेना. एकदा त्याने मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं. तोंड फिरवलं म्हणून मी जाते थोडीच?

खरं सांगू? बाईंचं म्हणणं मलाही हवंहवंसं होतं. तो माणूस एकटा मेला नाही, एवढं तरी. पण माझ्या अंगावरची ती खूण त्याची नव्हती. आणि आता सभा एका दिवसावर आली होती; दुसऱ्या दिवशी बाई भरल्या सभागृहात तीच खूण पुरावा म्हणून दाखवणार होत्या. तुम्ही मला कुठे पाहिलंत, तर माझ्यावरून त्याच्याबद्दल काही ठरवू नका. मी नुसती नक्कल आहे.

सभेच्या दिवशी सकाळी याने मला फडक्यात गुंडाळलं आणि बाईंचं दार वाजवलं.

"बाई, ही जखम नाही. बुडबुडा आहे. कडा मी गोल केल्या."

बाईंनी फडकं बाजूला केलं आणि खळग्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे त्याला कुणीच सांभाळलं नाही?"

"ते मला नाही माहीत, बाई."

त्यांचा हात आधारासाठी टेबल चाचपू लागला. याने मला खाली ठेवलं आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.