निशाण पडलं, काका

मित्रांनो, दुतोंड्यापासून चार हात लांब राहावं, असं तुम्हाला घरी शिकवलं असेल. बरोबरच आहे. पण मी दोन तोंडं असून जन्मात खोटं बोललो नाही. मी बुद्धिबळाच्या डावाला लावायचं एक जुनं घड्याळ आहे.

एका म्हाताऱ्या घड्याळजीने मला लाकडी पेटीत बसवलं आणि माझ्या दोन्ही तबकड्या आठ दिवस शेजारी शेजारी चालवून पाहिल्या. अर्ध्या मिनिटाचाही फरक पडला नाही, तेव्हाच मला शहराच्या बुद्धिबळ मंडळाच्या हवाली केलं. माझं काम सोपं. खेळी झाली की खेळणाऱ्याने आपल्या बाजूचं बटण दाबायचं. त्याचं तोंड गप्प, समोरच्याचं सुरू. प्रत्येकाला दीड तास. तो संपला की बाराच्या आकड्यापाशी टांगलेलं चिमुकलं लाल निशाण खाली पडतं. समोरच्याने तसं सांगितलं की डाव गेला.

मंडळात सात वर्षं एकच विजेता होता, वकीलसाहेब. ते एकेका खेळीवर इतका विचार करत, की समोरच्या चहावर साय धरे. त्यांचं निशाण पडलं की प्रतिस्पर्ध्यासह सगळ्यांना एकदम छताचा पंखा न्याहाळावासा वाटे. याला मंडळात सभ्यता म्हणत. इतरांचं निशाण मात्र पडण्याआधीच दिसे.

मग गल्लीतल्या एका शिंप्याची मुलगी आली. दिवसभर बापाच्या दुकानात काजं करायची, संध्याकाळी मावशीला सोबत घेऊन खेळायला यायची. इतर लोक माझ्या बटणावर खिळा ठोकल्यासारखी मूठ मारत. ती एक बोट टेकवायची. तिच्याशी हरलेल्या प्रत्येकाचं त्या दिवशी नेमकं डोकं दुखत असे. दोन वर्षांत मंडळातलं एक डोकं धड राहिलं नाही. तरी शहराच्या संघात ती राखीवच. राखीव म्हणजे सोंगट्यांची पेटी उचलायची आणि टाळ्या वाजवायच्या.

त्या वर्षी ती मंडळाच्या स्पर्धेत अंतिम डावात पोचली. जिंकणारा संघाच्या पहिल्या पटावर बसणार, असा मंडळाचाच नियम होता. समोर वकीलसाहेब. चौतिसाव्या खेळीवर ते विचारात बुडाले आणि त्यांचं निशाण पडलं. सगळ्या माना वर, पंख्याकडे.

"काका, निशाण पडलं," ती म्हणाली.

वकीलसाहेब मायेने म्हणाले, "बाळ, मोठ्यांशी असं खेळत नाहीत."

कार्यवाह हेच पंच होते. त्यांनी मला उचललं, औषधाच्या बाटलीसारखं कानाशी हलवलं आणि निकाल दिला: वकीलसाहेबांच्या बाजूचं घड्याळ पुढे पळतं, डाव रद्द, पुढच्या रविवारी नव्या घड्याळावर फेरडाव. वकीलसाहेबांनी मोठ्या मनाने मान्यता दिली.

मित्रांनो, माझी स्प्रिंग तुटायची बाकी होती! सात वर्षं याच तोंडांनी त्यांना विजेता केलं, तेव्हा मी ठणठणीत होतो. एका मुलीने खरं बोलताच मला रोग जडला?

तिची मावशी परिचारिका होती. ती मागच्या बाकावरून म्हणाली, "नाडी बघायची असेल तर मला सांगा हो, तुम्हाला नाही जमायचं."

मुलगी मात्र हसली नाही. "फेरडाव खेळते," ती म्हणाली. "पण घड्याळ हेच. आणि जी बाजू पळते म्हणता, ती माझ्याकडे द्या."

आता नाही कसं म्हणणार? नुकसान तर तीच घेत होती. कार्यवाहांनी घाम पुसत होकार दिला.

रविवारी उभं राहायला जागा नव्हती. वकीलसाहेबांना माझं निरोगी तोंड मिळालं होतं, आणि त्यांना प्रथमच त्याच्याकडे बघत खेळावं लागलं. निशाण पडायची वेळच आली नाही. एकोणतिसाव्या खेळीला त्यांच्या राजावर मात झाली. माझ्या रोगट तोंडावर तिची चाळीस मिनिटं शिल्लक होती. वकीलसाहेबांचं डोकं दुखू लागलं.

ती पहिल्या पटावर बसली. पुढे तीनदा देशाची विजेती झाली. तिला आपणच घडवलं, असं कार्यवाह भाषणांत सांगू लागले. भाषण चाळीस मिनिटांचं, आणि शेवटी तिला दोन शब्द बोलायची परवानगी. मंडळाच्या वहीत मात्र आजही लिहिलेलं आहे, की घड्याळातल्या दोषामुळे पहिला डाव रद्द. तो दोष खोटा म्हणावा, तर ती दोनदा जिंकली असं लिहावं लागेल. एवढी शाई मंडळाकडे नव्हती. त्यापेक्षा माझ्या पाठीवर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी डकवून मला कपाटात ढकलणं स्वस्त पडलं.

मला कुणी आजही चावी दिली, तर दोन्ही तोंडं बरोबर चालतील. पण माझं सोडा. जुनी वस्तू असो की नवी मुलगी, तिच्यात खोट आहे असं कुणी सांगितलं, तर तो सांगणारा त्या दिवशी काय हरला होता, एवढं आधी विचारा. आणि कधी तुमची स्वतःचीच वेळ संपली, तर घड्याळ हलवत बसू नका. हार मानून आपला राजा आडवा ठेवा, आणि समोर बसलेल्या तिच्याशी हात मिळवा.