अकराव्या खणातलं यंत्र

आमच्या फुटबॉल संघातल्या पोरी मला मीटरबाई म्हणतात. म्हणोत बापड्या. प्रत्येकीच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, बनियनच्या खिशात काडेपेटीएवढं यंत्र मीच सरकवते. कोण किती जोरात पळाली, आठवड्याभरात अंगावर किती ताण घेतला, सगळं माझ्या लॅपटॉपवर येतं. यंत्रावरचा नंबर पोरीला दिसत नाही आणि मीही तो कधी वाचत नव्हते. पेटीत वीस खण, प्रत्येकीचा खण तिच्या नंबरानुसार ठरलेला. डोळे मिटून वाटते, असा माझा तोरा होता.

माझी धाकटी बहीण अकरा नंबरची, डावीकडून पळणारी. महिन्यापूर्वी तिच्या मांडीचा स्नायू फाटला. कोच सरांनी मला स्पष्ट बजावलं होतं, "गुरुवारच्या सरावात ताशी सत्तावीसचा वेग दिसला तरच ती फायनल खेळेल. स्नायू पुन्हा फाटला तर अख्खं वर्ष गेलं पोरीचं."

सोमवारी मी घामेजलेली यंत्रं पुसत होते, तर आईचा फोन.

"तू आहेस ना तिथे? मग बघ की जरा बहिणीचं!"

"माझ्या हातात काही नाही गं आई! आकडे ठरवतात!" मी खेकसले. फोन खांद्याने कानाशी दाबून धरलेला, हात आपले यंत्रं पुसून खणांत टाकतायत. नंतर मी पेटी बंद केली आणि विसरून गेले.

गुरुवारी अकराचा आकडा आला अठ्ठावीस! मी तर उडीच मारली. धाकटी मात्र घुटमळली.

"नक्की, ताई? मला तर पाय जड वाटला."

"पायाला काय कळतंय? हे बघ!" मी लॅपटॉप तिच्या नाकासमोर धरला. तिने बघितलं आणि ती हसली. तेवढं पुरलं तिला.

त्याच दिवशी चौदा नंबरचा आकडा आला तेवीस. चौदा नंबर म्हणजे भिंगरी, धाकटीची जिवलग मैत्रीण आणि संघातली सगळ्यात वेगवान पोर. "थकलीय ही, बसवा," सर म्हणाले. भिंगरीची जीभ एरवी पायांपेक्षा जोरात चालते. त्या दिवशी ती नुसत्या बुटांच्या नाड्या सोडत बसली.

रविवारी फायनल. मी लॅपटॉप घेऊन वर प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बसलेले. पडद्यावर मैदानाचा नकाशा, त्यावर प्रत्येकीचा नंबर घातलेला एकेक ठिपका. विसाव्या मिनिटाला मी अकराचा ठिपका शोधायला गेले, तर तो मैदानावर नाहीच. तो बाकावर होता, ढिम्म बसलेला.

मी खाली बघितलं. धाकटी डाव्या कडेने पळत होती. बाकावर भिंगरी बसली होती.

पुन्हा पडद्यावर बघितलं. डाव्या कडेने चौदा पळत होता.

सोमवार. आईचा फोन. अगं बाई, मी काय करून बसले! ते अठ्ठावीस भिंगरीचे होते आणि तेवीस माझ्या बहिणीचे!

पायऱ्या कशा उतरले देव जाणे. "सर, काढा तिला! बाहेर काढा!" मी घसा फोडून ओरडत होते. सर वळले, "काय झालं?" म्हणाले, आणि तेवढ्यात धाकटीकडे लांब पास गेला. तिने जोर लावला. चार पावलं, पाचवं, आणि ती मांडी धरून कोसळली.

स्ट्रेचरवर तिने माझा हात घट्ट धरला. ती रडत नव्हती.

"दुखत होतं गं ताई. सकाळपासून दुखत होतं. पण तू म्हणालीस ना, पायाला काय कळतंय?"

मी तिचाच हात उचलून कपाळाला लावला.

सरांनी भिंगरीला उठवलं. मी तिच्यापाशी गेले आणि कसंबसं सांगितलं, "यंत्रं बदलली होती गं. माझी चूक. गुरुवारचे अठ्ठावीस तुझे होते."

ती गर्रकन माझ्याकडे वळली. "म्हणजे मी मंदावले नव्हते?" तिचा आवाज चिरकला. "तीन दिवस मला वाटतंय, संपले मी. घरी सांगून टाकलं, सोडते म्हणून."

तिने हात मागे नेला, पाठीवरचं यंत्र ओढून काढलं, माझ्या हातावर ठेवलं आणि मैदानात गेली.

यंत्र तिच्या अंगाने गरम झालं होतं. मी ते उलटं केलं आणि पहिल्यांदाच त्यावरचा नंबर वाचला.

अकरा.