शोध चालू आहे

बाबा गुरुवारी गेले आणि सोमवारी मी शब्दकोशाच्या कचेरीत हजर. आत्या म्हणाली, "पोरीच्या डोळ्यांत टिपूस नाही. दगड आहे दगड." असेन. पानं छापखान्यात जायची होती, आणि भेटायला येणाऱ्यांना चहा देत घरी बसण्यापेक्षा हे बरं होतं.

आमच्याकडे पान दोघांनी तपासायचं असतं. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट. दुसऱ्याने छापील पानावर पेन्सिल फिरवायची. इतकी वर्षं बाबा वाचायचे, मी ऐकायचे. आज त्यांच्या खुर्चीत संपादकसाहेब बसले. खुर्ची त्यांना जरा बुटकी पडत होती.

शब्द होता 'यवन'. नोंद बाबांचीच.

"यवन म्हणजे ग्रीक, पूर्णविराम," साहेबांनी सुरुवात केली. "इराणी लोकांचा जवळून संबंध आला तो आयोनिया प्रांतातल्या ग्रीकांशी, स्वल्पविराम, म्हणून त्यांनी सगळ्याच ग्रीकांना तेच नाव लावले, पूर्णविराम. तेच संस्कृतात यवन झाले, स्वल्पविराम, आणि पुढे कोणाही परक्याला चिकटले, पूर्णविराम."

साहेब गाडी सुटल्यासारखे वाचत होते. बाबा स्वल्पविरामाला खरंच थांबायचे.

"आयोनिया हे नाव मुळात कुठून आले याचा शोध चालू आहे, पूर्णविराम." इथे साहेबांनी चष्मा काढला. 'शोध चालू आहे' असं छापायचं, तर शोधणारा माणूस कचेरीत असावा लागतो, हा आमचा नियम.

"तू घेतेस हे काम?" त्यांनी विचारलं. "घेत असशील तर ओळ राहू दे."

बाबांनी लिहिलेली ती शेवटची ओळ. तिच्यापायी ते उतारवयात ग्रीक शिकत बसले होते. ताट गार व्हायचं आणि आई ओरडायची, "आता त्या ग्रीकांनाच सांगा वाढायला!" मला त्यातलं अक्षरही ओळखता येत नाही. ओळ राहावी असं फार वाटत होतं. पण हो म्हटलं असतं तर कोशात खोटं छापलं गेलं असतं, आणि ते बाबांनी मला कधी माफ केलं नसतं.

"नाही," मी म्हणाले. ओळ खोडली, वर लिहिलं: मूळ अज्ञात.

दुरुस्ती पुन्हा वाचायची आणि ऐकणाऱ्याने 'बरोबर' म्हणायचं. त्याशिवाय पान पुढे सरकत नाही.

"मूळ अज्ञात, पूर्णविराम," साहेबांनी वाचलं आणि थांबले.

मी 'बरोबर' म्हटलं की बाबांचा शोध तिथेच संपणार होता. बाबा गेले, हे मला तेव्हा कळलं.

"बरोबर," मी म्हणाले.