घंटेपाशी उभी केलेली मुलगी

इतिहासाचे पेपर बाईंनी मधल्या सुट्टीतच उरकायला घेतले होते. चौथीचे अडतीस पेपर आणि उत्तरं बहुतेक सारखीच. पंचवीस वर्षं तोच धडा शिकवल्यावर लाल पेन आपोआप चालतं, डोकं लागत नाही. 'शाळेशेजारी आग लागली तेव्हा घंटा कोणी वाजवली?' बरोबर, बरोबर, बरोबर. एकीने लिहिलं होतं, 'माझ्या आजीच्या बाबांनी.' बाईंनी फुली मारली, शून्य दिलं आणि पान उलटलं.

मग घाईघाईने पान परत मागे घेतलं. अडतीस पोरांत खरं उत्तर त्या एकीचंच होतं.

झालं होतं ते असं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी शाळेला लागून असलेली लाकडाची वखार पेटली. शाळेचा शिपाई धुरात उभा राहून, शेवटचं पोर फाटकाबाहेर पडेपर्यंत घंटा बडवत राहिला. तो धूर त्याच्या छातीत बसला तो बसलाच, दोन वर्षांत माणूस गेला. बाई नोकरीत नव्या असताना जुन्या हेडसरांनी हे त्यांना सांगितलं. त्यांनी ते वर्गात सांगितलं आणि पोरांनी खुशाल जांभया दिल्या. खाकी कपड्यातल्या उतारवयाच्या माणसाचं नऊ वर्षांच्या पोरांना काय कौतुक? म्हणून पुढच्या वर्षी बाईंनी शिपायाला गोष्टीतून काढलं आणि त्याच्या जागी दोन वेण्यांची, चौथीतली मुलगी उभी केली. हात पुरेना म्हणून बाकावर चढलेली. वर्ग कसा चिडीचूप! एवढंसं तर खोटं, असं बाई स्वतःला म्हणाल्या. मुलीला नाव मात्र दिलं नाही, तेवढी लाज त्यांना होती.

पण त्या एवढ्याशा खोट्याला पाय फुटले. पोरांनी घरी सांगितलं, चित्रं काढली, गॅदरिंगला नाटुकलं बसवलं. काही वर्षांनी आसपासची वयस्कर माणसं छातीठोकपणे सांगू लागली, "अहो, मी पाहिलीय तिला. आमच्याच गल्लीतली होती ती!" आणि आता शाळेला साठ वर्षं झाली म्हणून येत्या शनिवारी फाटकापाशी त्या मुलीच्या आठवणीची, कोरलेली दगडी पाटी लागणार होती.

शून्य मिळालेला पेपर भिंगरीचा होता. भिंगरी म्हणजे शाळेची झाडलोट करणाऱ्या मावशींची नात. म्हणजे मावशी त्या शिपायाची मुलगी! आठ वर्षं मावशी बाईंचा वर्ग झाडत होत्या. दरवर्षी तो धडा चालू असताना बाहेरचा व्हरांडा पुसत होत्या. तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं.

बाईंनी भिंगरीला बोलावलं. "हे तुला आजीने सांगितलं का गं?"

"हो. मीच विचारलं, घरातल्या फोटोतले कोण म्हणून." भिंगरी फुलीकडे बघत होती. "पण आजी म्हणाली होती, पेपरात नको लिहूस, बाई शिकवतात तेच लिही. माझ्या ध्यानातच राहिलं नाही. पाचही मार्क गेले का?"

बाईंना स्वतःची शरम वाटली. त्या तडक हेडसरांकडे गेल्या आणि सगळं सांगून टाकलं.

"बाई, पाटी कोरून आलीय," हेडसर म्हणाले. "पाहुणे ठरलेत. आणि शिपाई होता याला पुरावा काय? मुलीला पाहणारे डझनभर आहेत."

"अहो सर, ती मुलगी मी रचली!"

"तुमचा तसा समज झाला असेल. पेपर तपासून तपासून होतं असं." मग बाईंचा चेहरा पाहून सर जरा नरमले. "बरं, तेव्हा तिथे असलेलं एक तरी माणूस आणा. मी स्वतः पाटी थांबवतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला बाईंनी हेडसरांना दारापाशी उभं केलं आणि वर्गाला सांगितलं, "मी तुम्हाला खोटं शिकवलं. घंटा मुलीने नाही, शिपाईकाकांनी वाजवली."

वर्गात एकच कालवा झाला. "नाही बाई! माझ्या आजोबांनी पाहिलंय तिला!" पुढच्या बाकावरचा चष्मेवाला उभा राहिला. "बाई, तुम्हीच म्हणता, पुरावा असल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. पुरावा काय?"

शिकवलं होतं ते नेमकं आज त्यांच्यावरच उलटलं होतं. बाईंनी व्हरांड्यातून मावशींना हाक मारली. मावशी ओले हात पदराला पुसत आत आल्या. भिंगरी बाकावर ताठ बसली.

"मावशी, आग लागली तेव्हा तुम्ही याच शाळेत होतात ना?"

"तिसरीत होते."

"मग सांगा यांना. घंटेपाशी कोण होतं?"

मावशींनी एकदा हेडसरांकडे पाहिलं, एकदा नातीकडे. 

"बाबाच होते म्हणायचे घरात सगळे," त्या म्हणाल्या.

"घरातल्यांचं राहू द्या. तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं होतं, बाई. पण शपथेवर कसं सांगू? धूर आठवतो. घंटा आठवते. रात्रीचा त्यांचा खोकलाही आठवतो." मावशींचा आवाज खाली आला. "आठ वर्षं तुमचं ऐकतेय ना बाहेरून. आताशा डोळे मिटले की घंटेपाशी बाबा दिसतच नाहीत. बाकावर चढलेली ती पोरगीच दिसते."

दारातून हेडसर निघून गेले. बाईंना मावशींचा हात धरायचा होता, पण धरायचा कोणत्या तोंडाने, हे कळेना. मावशींनी भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला, बादली उचलली आणि पुढचा वर्ग पुसायला गेल्या.