तापलेलं उलथनं

उलथन्याची कड आधी काळी, मग जांभळी, मग… नाही, अजून लाल नाही. ते गॅसवर धरून उभ्या असलेल्या राजेश्वरीनं ताटलीकडे पाहिलं—ग्रेपफ्रूटच्या दोन वाट्या, फोडी सुरीनं सोडवलेल्या, वर साखरेचा थर. "आई, साखर काचेसारखी झाली पाहिजे," सून पल्लवी मोबाईलवर व्हिडिओ दाखवत म्हणाली होती. बाळ पिवळं पडल्यापासून सुनेनं पहिल्यांदाच काहीतरी खायला मागितलं होतं. मग व्हिडिओतली ती ज्योत फेकणारी बंदूक माधवनगरात मिळत नाही म्हणून अडून कसं चालेल?

"बाळंतिणीला आंबट!" दारात पाय पसरून बसलेल्या शालूबाई, राजेश्वरीच्या सासूबाई, म्हणाल्या. मांडीवर पणतू, हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखा. "त्या पपनसाला कशाला डागतीस? ज्याला गरज हाय त्याला दे की. लोखंड तापलंयच."

"आत्याबाई, चारला मिरजेला न्यायचंय. डॉक्टर रक्त तपासतील, लागलं तर दिव्याखाली ठेवतील."

"तूबी अशीच पिवळी पडली हुतीस, तवा तुझ्या आईनं तुला दिव्याखाली ठिवलं हुतं व्हय? पोटावर दोन डाग दिलं, म्हणून तर माझ्या घरात नांदाय आलीस."

बेंबीशेजारचे ते डाग… साताऱ्याला माहेरी आई ते कौतुकानं दाखवायची, आणि राजेश्वरी हसून सांगायची, मला काही आठवत नाही बाई. कसं आठवणार, पाळण्यातली पोर मी.

लाल झालं. तिनं ते साखरेवर टेकवलं. चर्र… धूर, करपट गोड वास, कडेनं रस उकळून वर आला—आणि पदराखाली पोट आपसूक आत ओढलं गेलं. म्हणजे आठवत होतं तर. इतकी वर्षं.

साखरेची तांबूस काच झाली. सुरेख झाली.

"आण इकडं." शालूबाईंनी दुपटं सोडलं. "पल्लवीला कशाला सांगायचं? एक टिपका. पोर वाचंल गं."

आवाज कापत होता. त्यात दुष्टावा नव्हता, भीती होती—तीच, जी तेव्हा आईलाही वाटली असेल… आणि मी वाचलेच ना? वाचलेच की.

बाळ झोपेत ओठ चोखत होतं. दुसऱ्या वाटीवरची साखर विरघळायला लागली होती.

"आई, झालं का हो?" आतून पल्लवीची हाक.

उलथनं पुन्हा आचेवरच होतं. ते पाण्यात बुडवायचं, बस. भांडं शेजारीच होतं. राजेश्वरीनं ते बुडवलं नाही. म्हातारीच्या हाताचं भय तिला कधीच वाटलं नव्हतं. पण आपला उजवा हात उलथन्यासकट आचेवरून निघून दाराकडे जरासा झुकला आहे, हे तिनं आत्ता पाहिलं—कोणी झुकवला?—आणि डाव्या हातानं त्याचं मनगट गच्च धरून ठेवलं.